परदेशगमन, विद्यार्थ्यांचे

परदेशगमन, विद्यार्थ्यांचे : उच्च शिक्षण घेण्याच्या हेतूने स्वदेश सोडून अन्य देशातील विद्यापीठात किंवा तत्सम संस्थेत प्रवेश घेणे. ही प्रथा विद्यापीठांइतकीच जुनी आहे. मात्र कोणत्या प्रदेशातून किती विद्यार्थी बाहेर जातात, याची पद्धतशीर मोजदाद विसाव्या शतकातच सुरू झाली. अशा तुलनेत दोन मापे वापरली जातात. एक म्हणजे बाहेर गेलेल्यांची एकूण संख्या व दुसरे म्हणजे त्या प्रदेशातील एकूण विद्यार्थ्यांशी किंवा लोकसंख्येशी तिचे प्रमाण. या दोन मापांनी काढलेले निष्कर्ष पुष्कळदा परस्परविरुद्ध येतात आणि या विषयावरील बरेचसे मतभेद मुळात त्यातून उद्‌भवलेले आहेत.

प्राचीन काळी नालंदा येथे चीन, तिबेट, कोरिया व आग्नेय आशियातील भिक्षू अध्ययनासाठी येत. ह्यूएनत्संग व इत्सिंग या चिनी प्रवाशांचे सातव्या शतकातील वृत्तांत प्रसिद्ध आहेत. पाल राजा देवपाल याच्या नवव्या शतकातील ताम्रपटावरून सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदा येथे एक विहार बांधविल्याचे व त्याच्या विनंतीवरून देवपालाने त्याच्या निर्वाहासाठी गावे दान दिल्याचे समजते. एका परकीय राजाने बांधविलेले असे निवासस्थान म्हणजे आजच्या भाषेत परदेशी विद्यार्थ्यांचे वसतिगृहच होय.

मध्ययुगीन यूरोपात विद्यार्थ्यांची विभागणी त्यांच्या प्रदेशानुसार होई. या गटांना ‘राष्ट्र’ असे नाव होते. पॅरिस येथे फ्रेंच, नॉर्मन, पिकार्ड व इंग्लिश अशी चार राष्ट्रे होती. बोलोन्यात आल्प्सच्या अलीकडचे व पलीकडचे असे दोन मोठे संघ होते. प्रादेशिक संख्येचा प्रश्न किती स्फोटक ठरू शकतो, हे प्राग विद्यापीठातील घटनेवरून दिसते. तेथे बोहीमियन, बव्हेरियन, सॅक्सन व पोलिश या चार राष्ट्रांना प्रत्येकी एक मत होते. १४०९ मध्ये राजाच्या फर्मानाने बोहीमियन राष्ट्राला तीन मते व उरलेल्या तिघांना मिळून एक मत देण्यात आले. परिणामी जर्मन अध्यापक व विद्यार्थी मोठ्या संख्येने प्राग सोडून गेले आणि त्याच वर्षी लाइपसिक विद्यापीठ स्थापन झाले.

आधुनिक काळातील पहिला मोठा प्रवाह अमेरिकेकडून जर्मनीकडे वाहिला. १८१५ मध्ये जॉर्ज टिकनर व एडवर्ड एव्हरेट हे गटिंगेन विद्यापीठात दाखल झाले. त्यानंतर पहिल्या महायुद्धापर्यंतच्या शंभर वर्षांत सुमारे नऊ हजार अमेरिकन विद्यार्थी जर्मन विद्यापीठांत शिकून आले, असा अंदाज आहे. १८७६ मध्ये सुरू झालेले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ हे या परतलेल्यांच्या अनुभवाचे फळ होय. आपल्याच देशात संशोधनपर शिक्षणाची सोय झाल्यावर अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्यांचा ओघ मंदावला. आज जगातून सर्वाधिक विद्यार्थी ज्या देशाकडे जातात, तो देश शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विद्यार्थी पाठविणारा होता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

पूर्व आशियाचा इतिहास याहून उद्‌बोधक आहे. जपानमध्ये परदेशी जाण्यास बंदी असतानाच १८६३ मध्ये चोशू या सरंजामी राज्यातील पाच तरुण गुप्तपणे इंग्लंडला गेले व लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. त्यांपैकी इतो हिरोबुमी पुढे जपानचा पहिला पंतप्रधान झाला. १८७१ च्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर गेलेल्या विद्यार्थ्यांत पाच मुली होत्या. त्यांतील सर्वांत लहान त्सुदा उमेको ही अवघी सहा वर्षांची होती. चीनमध्ये १८५४ साली येल विद्यापीठाचा पदवीधर झालेल्या युंग विंग याच्या आग्रहावरून १८७२ ते १८७५ या काळात दरवर्षी तीस याप्रमाणे १२० मुले अमेरिकेस पाठविण्यात आली. यांतील बहुसंख्य मुले एकट्या ग्वांगडुंग प्रांतातील होती. कॅन्टन व मकाऊ या बंदरांमुळे तेथील लोकांना परकीयांचा परिचय होता. अंतर्भागातील घराणी मुलांना समुद्रापार धाडण्यास राजी नव्हती. मुले परकीय चालीरीती उचलू लागली, अशी तक्रार होऊन १८८१ मध्ये सर्वांना परत बोलाविण्यात आले. तरीही त्यांच्यातील जान त्यानयू याने पुढे पीकिंग-जांगज्याको लोहमार्ग (१९०९) परकीय अभियंत्यांच्या मदतीवाचून बांधून दाखविला.

यानंतर चिनी विद्यार्थ्यांचा ओघ जपानकडे वळला. १८९६ मध्ये अधिकृतपणे तेरा विद्यार्थी गेले होते. १९०५-०६ पर्यंत तोक्यो व आसपास किमान आठ हजार चिनी विद्यार्थी होते. प्रवासखर्च थोडा, लिपी बरीचशी परिचित, जपानचा रशियावरील विजय ताजा आणि चीनमधील पारंपरिक राजसेवा परीक्षा १९०५ मध्ये रद्द झालेली, अशी अनेक कारणे एकत्र आली. परंतु यांतील बहुतेक विद्यार्थी विद्यापीठांत नव्हते. दुभाष्याच्या मदतीने चालणाऱ्या काही महिन्यांच्या अभ्यासक्रमांत त्यांची भरती होती. डोक्यांची संख्या व शिक्षणाची पातळी या भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून प्रथम स्पष्ट झाले. त्याच काळात सेंदाई येथे वैद्यक शिकण्यासाठी गेलेला लू श्युन वैद्यक सोडून साहित्याकडे वळला. अशा परिणामांची नोंद कोणत्याही कोष्टकात होत नाही.

भारतातही प्रारंभ बंदरांच्या शहरांतून झाला. मुंबईच्या गोदीतील वाडिया घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे १८३८ मध्ये जहाजबांधणीचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेले. १८४५ मध्ये द्वारकानाथ टागोर यांच्याबरोबर कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयाचे चार विद्यार्थी लंडनला गेले. त्यांपैकी दोघांचा खर्च टागोरांनी सोसला. १८६४ मध्ये मुंबईचे रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई यांनी भारतीय तरुणांनी इंग्लंडमध्ये बॅरिस्टर व्हावे म्हणून शिष्यवृत्त्यांसाठी दीड लाख रुपये देऊ केले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला जो अभूतपूर्व भाव आला होता, त्यातील हा पैसा होता. या शिष्यवृत्तीवर फिरोजशहा मेहता व बंगालचे उमेशचंद्र बॅनर्जी हे दोघे गेले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, रुस्तमजींची पेढी अडचणीत आली आणि मेहतांना मिळणारी रक्कमही थांबली. मुंबईच्या दात्याच्या पैशावर शिकलेले बॅनर्जी १८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर प्रवास सोपा झाला. इंग्लंडमधील भारतीय विद्यार्थी १८८० च्या सुमारास शंभराच्या आसपास होते, १९१० पर्यंत ते सातशेच्या वर गेले आणि १९३० नंतर सुमारे अठराशे झाले. देशाच्या आकाराच्या मानाने हे आकडे नगण्य वाटतात. पण त्यांची प्रादेशिक विभागणी अत्यंत विषम होती. बंगाल व मुंबई इलाखा प्रारंभी आघाडीवर होते. मुंबईच्या विद्यार्थ्यांत पारशी समाजाचा वाटा त्याच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट होता. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील पारशांची संख्या एक लाखाच्याही आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विषमतेची कल्पना येते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पंजाबचा वाटा वाढत गेला. मध्य प्रांत, बिहार, ओरिसा येथून जाणारे मोजकेच होते.

या विषमतेची कारणे केवळ संपत्तीत शोधणे पुरेसे नाही. सनदी सेवेची परीक्षा १९२२ पर्यंत फक्त लंडनलाच होत असे. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये तीत यशस्वी झाले. पुढे वयाची कमाल मर्यादा एकोणीस वर्षांवर आणण्यात आल्याने (१८७८) भारतीय उमेदवारांची वाट जवळजवळ बंद झाली. १८९२ मध्ये ती तेवीसपर्यंत वाढविण्यात आली. उच्च न्यायालयांत बॅरिस्टरांना वकिलांपेक्षा अधिक मान व हक्क होते आणि बॅरिस्टर होण्यासाठी विद्यापीठाच्या पदवीची अटही नव्हती. म्हणजे जेथे उच्च न्यायालय व सरकारी नोकऱ्यांची बाजारपेठ होती, तेथूनच परदेशगमन किफायतशीर ठरत होते. समुद्रपर्यटनाचा धार्मिक निषेध हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खरे असले, तरी त्याचे वजन प्रदेशाप्रदेशांत व जातीजातींत वेगळे होते. १८८८ मध्ये इंग्लंडला निघालेल्या मोहनदास गांधींना त्यांच्या जातीच्या मुंबईतील पंचायतीने बहिष्कृत केले. पारशी, ख्रिस्ती व ब्राह्मो समाजीयांपुढे ही अडचण नव्हती.

महाराष्ट्राच्या बाबतीत एक वैशिष्ट्य नमूद केले पाहिजे. एकूण संख्येत मराठी भाषक विद्यार्थी पारशी वा बंगाली विद्यार्थ्यांच्या मागे होते. परंतु परदेशी शिकावयास गेलेल्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत या प्रदेशाचे स्थान ठळक आहे. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) या १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. नासिक येथे जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा सरकारी शिष्यवृत्तीवरील हक्क केवळ त्या स्त्री असल्यामुळे नाकारला गेला. त्या खाजगी मदतीवर ऑक्सफर्डला गेल्या (१८८९). पुरुषांमध्ये र. पु. परांजपे हे १८९९ मध्ये केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झाले, तेव्हा त्यांचे स्वागत राष्ट्रीय विजयासारखे झाले.

गोव्याचा मार्ग निराळा होता. तेथील विद्यार्थी कोईंब्रा व लिस्बन येथे जात. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या वैद्यकीय विद्यालयाच्या पदवीला पोर्तुगालमध्ये समान दर्जा नसल्याने पुष्कळांना तेथे जाऊन पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. विसाव्या शतकात काहींनी पोर्तुगालबाहेरची वाट धरली. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य हे पॅरिसला शिकले. जुलियांव मिनेझिस व राममनोहर लोहिया यांची ओळख बर्लिनमधील विद्यार्थिदशेतील होती. याच ओळखीतून लोहिया गोव्यात आले आणि १८ जून १९४६ चा मडगावचा सत्याग्रह घडला.

परदेशी विद्यार्थ्यांची संख्या मोजण्याची ब्रिटिश सरकारला प्रथम निकड भासली, ती शैक्षणिक कारणाने नव्हे. १९०५ मध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी लंडनमध्ये इंडिया हाउस स्थापन केले. त्यांनी जाहीर केलेल्या शिष्यवृत्तीवर वि. दा. सावरकर १९०६ मध्ये तेथे गेले. १९०७ मध्ये नेमलेल्या ली-वॉर्नर समितीचा अहवाल सरकारने तब्बल पंधरा वर्षे दडवून ठेवला. तो लिटन समितीच्या अहवालाबरोबर १९२२ मध्येच प्रसिद्ध झाला. १९०९ मध्ये लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय उघडण्यात आले. त्याच वर्षी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांची हत्या केल्यानंतर हे कार्यालय मार्गदर्शनासाठी आहे की पाळतीसाठी, अशी शंका विद्यार्थ्यांनी घेतली व ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

शिष्यवृत्त्यांचे महत्त्व या काळात निर्णायक होते. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना कर्जाऊ साहाय्य देणारा निधी स्थापन केला. कलकत्त्यात १९०४ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने औद्योगिक शिक्षणासाठी जपान व अमेरिकेस विद्यार्थी पाठविले. संस्थानांपैकी बडोद्याचे कार्य विशेष होते. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. अपुरे राहिलेले लंडनचे शिक्षण पुरे करण्यासाठी ते १९२० मध्ये पुन्हा गेले, तेव्हा राजर्षी शाहूंनी साहाय्य केले. या दोन संस्थानिकांचा आधार नसता, तर ब्रिटिश मुलखातील सरकारी यंत्रणेने एका अस्पृश्य विद्यार्थ्याला त्या काळी परदेशी पाठविले असते, असे मानण्यास काहीही आधार नाही. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असताना (१९४२–४६) आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची मदत मिळवून दिली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशगमनाला आंतरराष्ट्रीय राजकारणाचे वळण लागले. अमेरिकेची फुलब्राइट योजना (१९४६), राष्ट्रकुलातील देशांची कोलंबो योजना (१९५०) आणि मॉस्कोचे १९६० मध्ये स्थापन झालेले लोकमैत्री विद्यापीठ, ज्याला १९६१ मध्ये पॅट्रिस लुमुंबा याचे नाव देण्यात आले, ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. याच काळात मोजदादही सुधारली. अमेरिकेत १९५४-५५ मध्ये सुमारे ३४ हजार परदेशी विद्यार्थी होते. १९७९-८० मध्ये ते २ लाख ८६ हजारांवर गेले व त्यांत एकट्या इराणचे ५१ हजार होते. खनिज तेलाच्या पैशाने वाढलेला हा आकडा इस्लामी क्रांतीनंतर झपाट्याने घसरला आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस दोन हजारांच्या खाली आला. एखाद्या प्रदेशाचा वाटा हा त्याच्या शैक्षणिक भुकेचा स्थिर निर्देशक नसतो, हे यावरून दिसते. यूरोपात १९८७ मध्ये एरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. तथापि अशा अल्पकालीन देवघेवीतील विद्यार्थी युनेस्कोच्या गणनेत धरले जात नाहीत.

युनेस्कोच्या गणनेनुसार जगातील परदेशस्थ विद्यार्थी २००० साली सुमारे २१ लाख होते. २०२२ पर्यंत त्यांची संख्या ६९ लाखांच्या आसपास गेली. एकूण संख्येत चीन प्रथम असून त्याचे दहा लाखांहून अधिक विद्यार्थी बाहेर आहेत. भारत दुसरा आहे. परंतु स्वदेशातील एकूण विद्यार्थ्यांशी प्रमाण पाहता चित्र उलटे होते. दक्षिण आशिया व चीन यांचे प्रमाण जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली येते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचे प्रमाण चार-पाच टक्के आहे, मध्य आशियाचे दहा टक्क्यांच्याही वर. लक्सेंबर्गमध्ये २००३ पर्यंत पूर्ण विद्यापीठच नव्हते आणि अद्यापही त्याचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी शेजारच्या देशांत शिकतात. लक्सेंबर्गचा विद्यार्थी काही तासांत घरी पोहोचतो, तर आफ्रिकेतील विद्यार्थ्याला स्वदेशात जागा नसल्याने जावे लागते. दोघांना एकाच रकान्यात घालणारी टक्केवारी सावधपणे वाचावयास हवी. लॅटिन अमेरिकेचे प्रमाण एक टक्क्याच्या जवळपास आहे. भाषेची एकरूपता व मोठी, निःशुल्क वा स्वस्त सार्वजनिक विद्यापीठे ही त्याची कारणे दिसतात.

भारतांतर्गत तुलनेसाठी परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाने संसदेत दिलेली राज्यवार आकडेवारी उपयुक्त आहे. २०१९ मध्ये शिक्षणासाठी देशाबाहेर गेलेल्या सुमारे ५ लाख ८६ हजारांपैकी पंजाबचे साडेत्र्याहत्तर हजार, आंध्र प्रदेशचे एकोणसत्तर हजार व महाराष्ट्राचे साडेचौसष्ट हजार होते. वरवर पाहता ही राज्ये तुल्यबळ वाटतात. २०११ च्या जनगणनेशी ताडून पाहिल्यास मात्र पंजाबमधून दर लाख लोकांमागे सुमारे २६५, तर महाराष्ट्रातून सुमारे ५७ विद्यार्थी गेले, असे दिसते. जाणाऱ्यांचे स्वरूपही वेगळे होते. आंध्र व तेलंगणातील ओघ नव्वदीच्या दशकात वाढलेल्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघून अमेरिकेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांकडे गेला. पंजाबमधील तरुण बारावीनंतरच इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून कॅनडातील पदविका अभ्यासक्रमांकडे वळले. त्यासाठी जमिनी विकल्या वा गहाण टाकल्या गेल्या. शिक्षण हे तेथे स्थलांतराचे साधन झाले, म्हणून त्यांना विद्यार्थी मानू नये, असे काही अभ्यासक सुचवितात. १९०५ च्या तोक्योतील चिनी विद्यार्थ्यांना हाच न्याय लावला, तर चीनच्या आधुनिक इतिहासातील एक प्रकरणच गाळावे लागेल. केरळमध्ये २०२३ च्या स्थलांतर सर्वेक्षणात परदेशस्थ विद्यार्थी सुमारे अडीच लाख आढळले. २०१८ च्या तुलनेत ही संख्या जवळजवळ दुप्पट होती.

वैद्यकीय शिक्षणाचा प्रवाह आणखी वेगळा आहे. स्वदेशातील शासकीय जागा अपुऱ्या व खाजगी महाविद्यालयांचे शुल्क आवाक्याबाहेरचे, यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुले रशिया, युक्रेन, किर्गिझस्तान, फिलिपीन्स येथे जाऊ लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध भडकल्यावर सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना परत आणावे लागले. त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. युद्धापूर्वी या विद्यार्थ्यांची राज्यवार नोंद सहज उपलब्ध नव्हती. ती त्या धावपळीत राज्यांच्या नियंत्रण कक्षांतून तयार झाली.

वरील सर्व आकड्यांना एक मर्यादा आहे. मंत्रालयाची आकडेवारी देश सोडताना प्रवाशाने सांगितलेल्या हेतूवर किंवा त्याच्याजवळील व्हिसाच्या प्रकारावर आधारलेली असते. त्यामुळे सुटी संपवून पुन्हा जाणाराही तीत मोजला जाऊ शकतो. उलट युनेस्कोची संख्या यजमान देशांनी कळविलेल्या नोंदींवर अवलंबून असल्याने कमी भरते. म्हणूनच २०२२ साठी युनेस्कोच्या हिशेबाने परदेशस्थ भारतीय विद्यार्थी सहा लाखांच्या थोडे वर होते, तर भारत सरकारने २०२४ मध्ये दिलेला आकडा तेरा लाखांच्या वर होता. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांनी (३,३१,६०२) चौदा वर्षांनंतर चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर कमाल मर्यादा घातली. तिचा सर्वांत मोठा आघात पंजाबवर झाला.

महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावे परदेश शिष्यवृत्ती योजना चालविली असून तिच्या जागा पुढे ७५ पर्यंत वाढविण्यात आल्या. एकट्या २०१९ मध्ये राज्यातून बाहेर गेलेल्या साडेचौसष्ट हजारांशी हा आकडा ताडून पाहता येतो. त्या साडेचौसष्ट हजारांत कोणत्या जिल्ह्याचे, कोणत्या समाजाचे व किती उत्पन्न असलेल्या कुटुंबांचे विद्यार्थी होते, याची विगतवारी मंत्रालयाच्या त्या कोष्टकात नाही.